आविलाचा तट

माद्रिद, ४ मार्च २०१३

प्रिय आयोना,

काल बाजारात मी अर्धा किलो वाटाणे मागितले आणि वाटाणेच मिळाले. चार महिन्यांतली माझी ही सगळ्यात मोठी कमाई. डेल म्हणाला, "आता तू लोकांना धर्माचं सांगायला हरकत नाही."

इथलं आमचं चाललंय ते ठीकच. मी मिशनच्या कचेरीत बसून धर्मप्रचाराला आलेल्या दीडशे पोरापोरींचं टपाल लावते. कुणाच्या आईनं काय पाठवलंय ते मला आता पुडक्याच्या वजनावरून कळतं. डेल त्यांच्या भाड्याच्या घरांमागे असतो. कुठं गीझर बंद, कुठं गादीत ढेकूण. जन्मभर बटाट्याच्या शेतात राबलेला तुझा मेहुणा आता माद्रिदच्या घरमालकिणींशी हातवाऱ्यांनी भांडतो, आणि जिंकतो. दोघांच्याही छातीवर नावाची काळी पट्टी, उठल्यापासून झोपेपर्यंत.

पोरांना सोमवारी सुट्टी असते, आम्हा कचेरीतल्या म्हाताऱ्यांना शनिवारी. सहा एप्रिलला मिशनची गाडी मिळणार आहे. सकाळी सेगोव्हिया बघायचं, दुपारी आविला.

हो, आविला. तुझं आविला. एकाहत्तर साली तुझ्या नावाचं मिशनच्या बोलावण्याचं पाकीट आलं आणि तू ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोडलंस, तेव्हा मी तुझ्या मागंच होते. स्पेन! आपल्या मेडो फोर्कमधून तोवर कुणी पोर्तुगाल-स्पेनकडे फिरकलं नव्हतं. मग तू कुठल्याशा मासिकातून त्या तटाचं चित्र कापून आपल्या खोलीत लावलंस. आणि मार्चमध्ये आईला झटका आला आणि तू राहिलीस. आता बेचाळीस वर्षांनी मी इथं आहे. मला कधी कधी सकाळी उठल्यावर खरंच वाटत नाही.

तर सांग, तुझ्यासाठी काय बघू?

तुझी धाकटी,
वर्ला


मेडो फोर्क, आयडाहो, १७ मार्च

प्रिय वर्ला,

वाटाण्यांबद्दल अभिनंदन. मला वाटाण्याचा शब्द एकाहत्तरपासून येतो, पण मला विचारतो कोण!

तू म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. शिकवणीच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या मी, क्रियापदं घोकली मी, आणि तिथं जाऊन वाटाणे खातेस तू. रागावू नकोस, गंमत करते. रविवारी चर्चच्या मंडळीतल्या बायका तुझी चौकशी करतात तेव्हा मी त्यांना सांगते, कुठं जायचं ते आपण ठरवायचं नसतं, वरून ठरतं. देवाला आमच्या घरातली एक मुलगी स्पेनमध्ये हवी होती. एक नाही आली, तर त्यानं दुसरीला वय होऊ दिलं आणि बोलावलं. असं सांगताना मला खरोखर बरं वाटतं. वाटतं, ते पाकीट वाया गेलं नाही.

काय बघू म्हणतेस. पुस्तकात आहे ते मला कळवू नकोस. बुरूज किती, दरवाजे किती, ते मला पाठ आहे. शाळेच्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं काढली ती उगाच नाही. तू फक्त तटावर चढ आणि पुस्तकात नसतं ते सांग. वर वारा कुठून येतो? खालच्या घरांतलं काय ऐकू येतं? दोरीवर कुणाचे कपडे वाळताहेत? दगडावर हात ठेवला तर तो गरम लागतो की गार? मला एवढंच हवंय. पण ते हवंय, विसरू नकोस.

इथं अजून गुडघाभर बर्फ आहे. डेलचा कुत्रा रोज तुमच्या दारात जाऊन बसतो आणि मी रोज त्याला ओढत आणते. तुझ्या जिरेनियमच्या कुंड्या माझ्या खिडकीत सुखात आहेत. माझ्यापेक्षा त्यांना ऊन जास्त मिळतं.

आयोना


माद्रिद, ८ एप्रिल

प्रिय आयोना,

झाला आमचा शनिवार! कुठून सुरुवात करू?

सेगोव्हियाला नऊलाच पोचलो. तिथला तो रोमन लोकांचा पाण्याचा पूल तुला माहीतच आहे, तेव्हा पुलाचं राहू दे, डेलचं सांगते. तो कमानीखाली मान वर करून उभा होता. "चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आणि आपला पाटाचा बांध दर वसंतात फुटतो," असं पुटपुटत होता. तेवढ्यात वीस-पंचवीस जर्मन म्हाताऱ्यांचा घोळका आला. डेलच्या छातीवरची पट्टी बघून त्यांना वाटलं, हा इथला माहितगार. आधी त्यांनी स्वच्छतागृह विचारलं. डेलनं दाखवलं. मग पुलाचं विचारलं. डेलनं तेही सांगितलं, इंग्रजीत, अगदी शांतपणे, पाणी कसं वळवतात आणि उतार किती लागतो ते. निघताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाच महिन्यांत आमच्या कुठल्याही प्रवचनाला टाळ्या मिळाल्या नव्हत्या, गं.

जेवायला तिथल्या प्रसिद्ध भाजलेल्या डुकराच्या पिल्लापाशी गेलो. वाढप्यानं ते सुरीनं नाही, ताटलीच्या कडेनं कापलं, आणि मग ती ताटली जमिनीवर आपटून फोडली. तिथली रीतच आहे ती. पण डेलला वाटलं बिचाऱ्याच्या हातून पडली, तो लगेच वाकून तुकडे गोळा करायला लागला. सगळी खाणावळ हसली. वर पिल्लाकडे बघून म्हणाला, "इतकं लहान कापायचं? जरा वजन तरी होऊ द्यायचं!"

वाढप्यानं विचारलं, "वाइन?" आम्ही नाही म्हटलं. "बिअर?" नाही. जेवणानंतर, "कॉफी तरी?" तेही नाही; आपल्या धर्मात तीही चालत नाही, हे त्याला कुठलं ठाऊक! मग त्यानं डेलच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" मी हसता हसता रडले.

दुपारी आविला. दुरून तट दिसला तेव्हा डेलनं गाडी बाजूला घेतली. अगदी तुझ्या चित्रातल्यासारखा आहे. मग गावात गेलो, अंड्याच्या बलकाची ती गोड गोळी खाल्ली. घंटाघरांवर करकोच्यांची घरटी आहेत, एकेक घरटं आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याएवढं.

मग तटावर चढलो. वरून पूर्ण फेरी मारली, जिथून चढलो तिथंच उतरलो. चहूकडे विहंगम दृश्य दिसतं. वारा छान होता. घरांतून लोकांचे आवाज येत होते, दोरीवर रंगीत कपडे होते आणि दगड उन्हानं गरम झाला होता. तुझी फार आठवण झाली.

संध्याकाळी सुखरूप परत आलो. डेल मजेत आहे, मी मजेत आहे. सगळं उत्तम.

तुझी,
वर्ला


मेडो फोर्क, २४ एप्रिल

वर्ला,

पत्र तीनदा वाचलं. डेल आणि ताटलीवर मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्यानं हसले. वाढप्याचं तर मी रविवारी सगळ्यांना सांगितलं.

पण तू तटावर चढलेली नाहीस.

आविलाच्या तटावरून पूर्ण फेरी मारता येत नाही. दक्षिणेकडं जुने महाल तटाला चिकटून आहेत, तो भाग लोकांना बंद आहे. निम्म्यातून खाली उतरावंच लागतं. हे आपल्या गावात कुणाला माहीत असेल, तर ते मला. आणि "विहंगम" हा शब्द तू जन्मात कधी वापरला नाहीस. मी विचारलेले चार प्रश्न तू चार ओळींत, शाळेच्या परीक्षेसारखे सोडवून टाकलेस. डुकरावर एक परिच्छेद आणि तटावर चार ओळी?

मला एकच कारण सुचतं आणि त्यानं माझी झोप गेली आहे. पायऱ्यांवर डेलच्या छातीत दुखलं. दुखलं ना? दोन वर्षांपूर्वीसारखंच? घरी आनंदाची पत्रं लिहा, रडगाणं नको, असं तुम्हाला शिकवून पाठवतात, आणि आम्हालाही तेच बजावतात. पण मी त्याची मेहुणी आहे आणि तुझी बहीण आहे. त्या शिकवणीचं तुम्ही काय करायचं ते करा, मला खरं काय ते कळव. पेटीतून तुमच्या विम्याचे कागद काढून ठेवले आहेत.

लगेच लिही.

आयोना


माद्रिद, ८ मे

प्रिय आयोना,

आधी हे: डेलला काहीही झालेलं नाही. तो आत्ता बाजूच्या खोलीत दोन गाद्या दोरीनं बांधतोय आणि गाणं म्हणतोय. तुला असं घाबरवलं, याची मला लाज वाटते. विम्याचे कागद परत ठेव.

आम्ही वर गेलो नाही, हे खरं. डेलमुळे नाही. माझ्यामुळे.

तिकिटं काढली होती. तिकिटाबरोबर एक नकाशा देतात, त्यावर सगळ्या गावाभोवती तटाचं अखंड कडं छापलेलं असतं. पूर्ण फेरीचं मी त्यावरून लिहिलं. पहिल्या पायरीपाशी गेले, कठड्याला हात लावला, आणि पाय उचलेनात. दुखत नव्हते. नुसतेच उचलेनात. तुझं ते "आयत्या बिळावर नागोबा" डोक्यात वाजायला लागलं. तू गमतीत लिहिलं होतंस, ठाऊक आहे. पण चोराच्या मनात चांदणं. मी तिथल्या बाकावर बसले आणि रडायला लागले. डेलला म्हटलं, तू जाऊन ये. तो म्हणाला, "सोबत्याला एकटं सोडून जायचं नाही असा मिशनचा नियम आहे," आणि माझ्या शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसून राहिला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला सोन्सोलेस नावाच्या एक म्हाताऱ्या बाई, इथल्या आदराच्या भाषेत दोन्या सोन्सोलेस, विणत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" मी माझ्या मोडक्या भाषेत म्हटलं, "गेलं नाही कुणी. आली नाही. माझी बहीण." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, माझी पट्टी वाचली आणि म्हणाल्या, "जिवंत आहे?" म्हटलं, हो. "मग रडतेस काय, बाई? बोलाव तिला. मेलेल्यांसाठी रडायला मला वेळ पुरत नाही, आणि तू जिवंतांसाठी रडतेस!" मी त्यांना आपल्या श्रद्धेबद्दल दोन शब्द सांगू का, असंही विचारलं. सवयच झालीय. तर म्हणाल्या, "नको. माझा एक धर्म आहे, तोच मला झेपत नाही."

आता खरं कारण. हे मला कधीच सांगायचं नव्हतं.

आयोना, तू मंडळीतल्या बायकांना सांगतेस ना, की देवानं मला तुझ्या जागी पाठवलं? तरुण पोरांचं तसंच असतं, पाकीट उघडेपर्यंत त्यांना काही कळत नाही. पण आमच्यासारख्या म्हाताऱ्या जोडप्यांच्या अर्जात एक रकाना असतो. कुठं जायला आवडेल? मानतीलच असं नाही, पण विचारतात. डेलला शेजारचं मोंटाना चाललं असतं. तिथं मी स्पेन लिहिलं. मी, स्वतःच्या हातानं.

मनाला सांगितलं, आयोनासाठी बघून येईन. पण ते निम्मंच खरं होतं. तू ते चित्र लावलंस ना, तेव्हापासून मलाही तिथं जायचं होतं. तुझ्याकडचं सगळंच मला हवं असायचं.

आणि अजून एक आहे. एकाहत्तरमध्ये आई अंथरुणावर होती, तेव्हा तिनं मला जवळ बोलावून म्हटलं होतं, "लग्न वर्षभर पुढं ढकल. तू माझ्याजवळ राहा, आयोनाला जाऊन येऊ दे." मी नाही म्हणाले. एकोणीस वर्षांची होते, जूनची तारीख ठरली होती, केकसुद्धा सांगितला होता. आईनं परत विषय काढला नाही. मी लग्न करून गेले आणि तू राहिलीस.

म्हणजे तुझी जागा मी दोनदा घेतली. त्या पायऱ्या कशा चढू?

पुढच्या मेमध्ये आमचं मिशन संपतं. संपताना घरची माणसं न्यायला येतात, सगळं बघून बरोबर परत जातात. पोरांचे आईबाप येतात. तू मला न्यायला येशील का?

वर्ला


माद्रिद, १० जून

प्रिय आयोना,

महिना होऊन गेला. टपाल मीच लावते, त्यामुळे वाटेत हरवलं असेल अशी स्वतःची समजूतही घालता येत नाही. रोज सकाळी दीडशे पोरांची पत्रं हातातून जातात. एखाद्याला आठवडाभर काही आलं नाही की तो दारातून माझ्या तोंडाकडे बघतो आणि काही न विचारता परत जातो. आता मी तशीच आपल्या टेबलाकडे बघते.

रागाचं लिही. शिव्या घाल. पण लिही. इथं सगळं आहे, फक्त तू नाहीस.

वर्ला


मेडो फोर्क, २ जुलै

वर्ला,

तुझे जिरेनियम मेले. मी पाणी घातलं नाही. मुद्दाम. आधी हे सांगून टाकते, म्हणजे माझ्या रागाचा अंदाज येईल.

त्या रकान्याचा राग आला. सगळ्या गावाला मी सांगत फिरले, देवानं निवडलं, देवानं निवडलं. आणि इकडे तू अर्ज भरून मोकळी! पंधरा दिवस मी रविवारी मंडळीत मागच्या बाकावर बसले, कुणी तुझी चौकशी करू नये म्हणून. मग कुंड्या वाळल्या. मग पाण्याची पाळी आली, तुमच्या शेताला पाणी सोडायला मलाच उठावं लागलं, आणि पाटाच्या काठावर बसल्या बसल्या मला माझंच हसू आलं. कारण रागवायचा हक्क मला नाही.

आईनं तुला लग्न पुढं ढकलायला सांगितलं होतं, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. आईच्या तोंडात तीळ भिजत नसे, तुला ठाऊक नाही? बेचाळीस वर्षं तू जे पोटात ठेवलंस ते मला पहिल्यापासून माहीत होतं. आणि मी तुला ते ठेवू दिलं.

आता माझं ऐक. आई त्या नाताळापर्यंत काठी घेऊन चालायला लागली होती. तू आलीस तेव्हा तिनं स्वतः टर्की भाजली होती. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. जानेवारीत आपल्या मंडळीचे तेव्हाचे प्रमुख, बीटच्या शेतीवाले थॅचर, घरी आले. बैठकीत टोपी काढून बसले आणि म्हणाले, "आयोना, तुझे कागद पुन्हा पाठवू का? स्पेनच मिळेल, मी शब्द टाकतो." मी म्हटलं, "आईला सोडून कशी जाऊ?" आई आत पावाचं पीठ मळत होती. ते गेल्यावर ती दारात आली आणि म्हणाली, "जायचं नसेल तर जाऊ नकोस. पण माझ्या नावावर खपवू नकोस."

मला भीती वाटली, वर्ला. विमानाची वाटली, अनोळखी दारं ठोठावायची वाटली, भाषा येऊनही तोंड उघडणार नाही याची वाटली. आणि दुसरंही होतं. त्या नऊ-दहा महिन्यांत मी गावात स्पेन सोडलेली मुलगी झाले होते. आईसाठी सोडलं म्हणून बायका माझा हात हातात घेऊन बोलायच्या. मिशनला जाऊन आलेल्या मुली गावात चार होत्या. सोडलेली मी एकटीच. तो मान मला आवडला. त्यावर मी जन्म काढला, आणि तुझ्या मानेवर बसून काढला. दर नाताळात तू माझ्यासाठी सगळ्यांपेक्षा चांगली भेट आणायचीस, तेव्हा मला कळायचं की ती कशाची आहे. मी घ्यायचे.

पण ओढ खोटी नव्हती. एवढं माझं मान. मी गेले नाही, तरी मला जायचं होतं. ग्रंथालयात दुपारी कुणी नसताना मी आविलाचं पुस्तक काढून बसायचे आणि घंटा झाली तरी उठायचे नाही. दोन्ही खरं आहे. कसं, ते मला विचारू नकोस.

तुझं आमंत्रण: नाही. चौसष्टाव्या वर्षी माणसानं आपली भीती ओळखून राहिलेलं बरं. सॉल्ट लेक शहराच्या पलीकडं मी कधी गेलेली नाही.

पण तू वर जा. माझ्यासाठी नको, मला त्यातलं एक अक्षरही कळवू नकोस. ना वारा, ना कपडे. तुला हवं होतं ना ते? मग उघडपणे घे आणि तुझं तुझ्याजवळ ठेव. माझी जागा तू घेतलेली नाहीस. ती मी रिकामी टाकून दिली होती.

नवीन कुंड्या आणल्या आहेत. लाल मिळाले नाहीत, गुलाबी आहेत.

आयोना


माद्रिद, ८ सप्टेंबर

प्रिय आयोना,

तुझं पत्र मी कचेरीत उघडलं नाही. घरी नेलं, डेलला बाहेर फिरायला पाठवलं, त्यानं नियमावर बोट ठेवलं, मग तो जिन्यात बसला आणि मी वाचलं. नंतर त्यालाही वाचायला दिलं. त्यानं वाचून त्याची नीट घडी घातली. मग म्हणाला, "केक खरंच सांगितला होता. तीन मजली."

उन्हाळ्यात दोनदा गाडी मागितली, दोन्ही वेळा ती पोरांच्या घरबदलीला गेली. अखेर काल मिळाली.

चढले.

तू बजावलं आहेस, म्हणून काही लिहीत नाही. तासभर वर होते. फेरी अपुरीच राहते, तुझं बरोबर होतं. दोन्या सोन्सोलेस बाकावर नव्हत्या, त्यांना काय सांगायचं ते मी जुळवून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. उतरताना मागं वळून बघितलं, तर सवयीनं तुझ्यासाठीच बघत होते. ती सवय एवढ्यात जाणार नाही.

बाकी सगळं ठीक. हे खरंच ठीक आहे.

वर्ला


मेडो फोर्क, २४ सप्टेंबर

वर्ला,

इतकी आज्ञाधारक कधीपासून झालीस? साठ वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस, आणि ऐकायचं ते नेमकं हे?

पाकीट हातात आलं तेव्हा ते इतकं पातळ लागलं, की मी त्यात आणखी एखादा कागद अडकलाय का म्हणून उलटं करून झटकलं. तासभर वर होतीस म्हणे! तासभर काय केलंस? लिही, सगळं लिही. मी काय म्हणाले ते विसर.

पायऱ्या किती उंच आहेत? आपल्या तळघराच्या पायऱ्यांसारख्या, की त्याहून? धरायला कठडा शेवटपर्यंत आहे का? मध्ये कुठं टेकायला जागा आहे? डेलच्या गुडघ्यांनी काय म्हटलं? कारण त्याचे आणि माझे गुडघे एकाच लायकीचे आहेत. तासाऐवजी कुणी दोन तास लावले तर खालचे लोक ओरडतात का? मेमध्ये वर कोट लागेल, की स्वेटर पुरेल? माद्रिदहून तिथं आगगाडी जाते का, की गाडीच हवी? तुमच्या खोलीत तिसरा पलंग मावतो का? विमानात चौदा तास माणसं पाय कुठं ठेवतात? आणि विमान बदलायचं असलं तर कुठं जायचं ते कुणी सांगतं, की आपलं आपण शोधायचं?

बघ, कुठून सुरुवात केली आणि कुठं येऊन पोचले. इतका वेळ बसून मी ही ओळ परत परत वाचतेय.

राहू दे, वर्ला. तटाचं काही लिहू नकोस. एक अक्षरही नको. मेमध्ये मी येते तुला न्यायला.

शेजारच्या लीलाला सांगितलं, तर ती म्हणाली, "या वयात?" मी म्हटलं, "त्या वयात नाही गेले, म्हणून." काल काउंटीच्या कचेरीत जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढून आले. फोटोत मी आईसारखी दिसते, आणि घाबरलेली दिसते. विमानातून उतरेन तेव्हाही तशीच दिसेन. तू हसशील. हस. पण अगदी दारापाशी उभी राहा, मला शोधायला लावू नकोस.

आयोना